खिंड आधी, रस्ता नंतर

भुतोंड्याची फेरी अजून पुरी झालेली नाही. दोनदा निघालो. एकदा वेल्ह्यातून परत फिरलो, एकदा दुधाच्या टेम्पोत सायकल टाकून भोरला पोचलो. तिसऱ्यांदा निघण्याआधी आतापर्यंतचं गणित इथे मांडतोय, म्हणजे कुणाला त्याच बाजूला जायचं असेल तर माझ्या चुका फुकट मिळतील.

फेरी अशी: पुणे, खडकवासला, खानापूर, पाबे घाट, वेल्हे, तिथून भुतोंडे खिंडीने वेळवंड खोऱ्यात, मग भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेने भोर आणि कापूरहोळवरून घरी. दीडशे किलोमीटरच्या आसपास. डांबरानेच जायचं म्हटलं तर रोड बाइकवाले मला मागे टाकून संध्याकाळच्या चहाला घरी असतील. माझा हट्ट एवढाच, की जिथे कच्चा पर्याय असेल तिथे कच्चाच घ्यायचा.

पूर्वी मी ॲपमध्ये सुरुवात आणि शेवट टाकायचो आणि ते देईल ती रेघ मुकाट्याने डाउनलोड करायचो. सपाटीवर हे चालून जातं, मावळात नाही. मावळातले रस्ते नदीचं ऐकतात. बारा मावळांची नावंच बघा: पवनेचं पवन मावळ, गुंजवणीचं गुंजण मावळ, कानंदीचं कानंद खोरं, वेळवंडीचं वेळवंड खोरं. खोऱ्यात शिरलेला रस्ता नदीच्या काठाने वर वर जातो आणि डोंगराच्या पोटात संपतो. शेजारचं खोरं कावळ्याला चार किलोमीटर असेल, पण मध्ये धार आहे, आणि धार ओलांडायला खिंडी मोजक्याच. म्हणून आता नकाशा उघडला की आधी खिंडी खुणावतो. या फेरीत दोन आहेत. खानापूर-रांजण्याकडून वर चढून पाबे घाटाने कानंद खोऱ्यात उतरायचं. माथ्यावरून तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतात, पण थांबून बघायला दम उरलेला असेल तर. दुसरी भुतोंड्याची. राजगड-तोरणा ट्रेक केलेल्यांना ती आठवेल, गडांना जोडणाऱ्या धारेवरून चालताना मध्येच एक गाडीरस्ता आडवा येतो, तीच. या दोन जागा पक्क्या झाल्या की मधला मार्ग कितीही बदला, फेरी मोडत नाही.

चढ मोजायला मात्र अजूनही ॲपपेक्षा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर माझा जास्त विश्वास आहे. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरचा फरक. वाटेवर पट्टी ठेवायची आणि एका सेंटीमीटरात किती रेषा कापल्या जातात ते मोजायचं. दोन म्हणजे ८ टक्के, बसून निघतो. तीन म्हणजे १२ टक्के. डांबरावर जीव काढून जमेल, पण मुरुमावर मागचं चाक घसरायला लागतं. पाच आल्या तर तो २० टक्क्यांचा चढ आहे, सायकलीला चालत फिरायला न्यायचंय असं समजा.

माझ्याकडे पुढे ३० आणि मागे ३४ दात हा सगळ्यात हलका गिअर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.९४ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ७ किलोमीटर. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात १२ टक्क्यांच्या कच्च्या चढावर माझा वेग ५ वर येतो, म्हणजे फेरे ४३, आणि त्या लयीत प्रत्येक दाबाला मागचं चाक खडी उडवतं. उभं राहून मारावं तर अंगाचं वजन पुढे जातं आणि चाक आणखीच फिरतं. बसूनच, नाक हँडलवर टेकवून. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पहिला प्रयत्न, नोव्हेंबर. पाबे घाट उतरून वेल्ह्याच्या अलीकडे उपग्रहचित्रात एक पांढरी रेघ दिसली होती. मुख्य रस्ता सोडून ओढ्याकाठाने वाडीला जाणारी, सरळ आणि मोहक. भातकापणी चालू होती. रस्ताभर पेंढा पसरलेला, मध्ये झोडणी. सायकलवरून उतरून, लोकांची माफी मागत मागत पुढे गेलो. एक आजोबा बांधावर बसले होते.

"मामा, ही वाट पलीकडच्या वाडीला निघते का?"

"निघती की."

"सायकल जाईल?"

"सायकल जाईल. तुमी कसं जानार?"

त्यांचं बरोबर होतं. दीड किलोमीटरवर वाट खाचरात संपली आणि पुढे गुडघाभर बांधांच्या पायऱ्या. सायकल खांद्यावर टाकून पाऊण तास गेला. वेल्ह्यात पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. खिंडीत जाऊन अंधारात भाटघरची कडा गाठण्यात शहाणपण नव्हतं. पिठलं-भाकरी खाल्ली आणि मार्गासनी, नसरापूर करत हायवेने परतलो.

घरी येऊन तेच चित्र पुन्हा मोठं करून पाहिलं. ट्रॅक्टर जात असेल तर दोन चाकोऱ्या दिसतात आणि मध्ये गवताची पट्टी. माझ्या मोहक रेघेला चाकोरी एकच होती, म्हणजे माणसांची आणि गुरांची वाट. आता दोन रेघा दिसल्याशिवाय वाट आराखड्यात घेत नाही. शिवाय चित्र कुठल्या महिन्यातलं आहे तेही बघतो. पावसाळ्यातल्या हिरव्यात निम्म्या वाटा गायब असतात, मार्चमधल्या चित्रात सगळं उघडं पडतं. आणि ज्या गावात एसटी मुक्कामाला असते, तिथपर्यंतचा चढ माणसात आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरा प्रयत्न, जानेवारी. या वेळी सगळं घड्याळाप्रमाणे. पहाटे पाचला निघालो, साडेदहाला वेल्ह्यात दुसरा चहा. खिंडीचा चढ अपेक्षेपेक्षा सोपा गेला. त्या दिवशी वाटेत बऱ्याच ठिकाणी डांबर उखडून खालचं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, वर आलेला होता, आणि ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यासाठीची जाड टायरची सायकल) घेतल्याचं सार्थक अशाच रस्त्यावर होतं. माथ्यावर वारा, डावीकडे राजगड, उजवीकडे तोरणा. पाच मिनिटं कुणाशी बोलावं असंही वाटलं नाही.

उतारावर रुंदीकरणाचं काम चाललेलं. ताजी खडी टाकलेली, रोलर फिरायचा होता. आपल्या काळ्या दगडाची फोडलेली खडी म्हणजे सुऱ्याच. नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत नाही. मी ब्रेक सोडून दिला, आणि तिथे चुकलोच. मागच्या टायरची बाजूची भिंत दोन सेंटीमीटर फाटली. टायर ट्यूबलेस, त्यामुळे आतल्या सीलंटचा, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाचा, फवारा पायावर; भोकात रबरी प्लग एक घातला, दोन घातले, दोन्ही बाहेर. शेवटी टायर काढून आतून टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचं ठिगळ लावलं, आत ट्यूब टाकली आणि कमी हवेवर हळूहळू खाली आलो. भाटघरच्या कडेने चार-पाच किलोमीटर गेलो असेन, ठिगळ सरकलं. टेम्पोवाल्या दादांनी न विचारताच गाडी थांबवली. पैसे घेतले नाहीत, भोरला चहा मात्र त्यांनीच पाजला. हे माझ्या हिशेबात उलटं झालं.

टायर ३८ मिलिमीटरचे होते. आता ४५ चे बघतोय, जाड भिंतीचे. वजन ७२ किलो, त्यामुळे हवा पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय ठेवीन. खरा धडा वेगळाच आहे: ताज्या खडीच्या उतारावर उतरून चालायचं. पाच मिनिटं जातात, बास.

त्या चार-पाच किलोमीटरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. धरणाच्या कडेचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो, आणि तो कधीच सपाट नसतो. प्रत्येक ओढ्यापाशी पाणी आत घुसलेलं असतं, रस्ता त्या खाचेत शिरतो, खाली उतरतो, मोरी ओलांडून पुन्हा वर. दर वेळी दहा-पंधरा मीटर. २० मीटरच्या समोच्च रेषांमध्ये हे चढ अलगद लपतात. बरं, ॲपमधली उंची तरी खरी असावी? ती बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीतून आलेली असते, साधारण ३० मीटरच्या चौकटीत. डोंगर कापून काढलेल्या रस्त्यावर तुमची रेघ थोडी जरी सरकली तरी उंची कड्यावर नाही तर दरीत जाते, आणि नसलेले चढ बेरजेत येतात. म्हणजे नकाशा कमी सांगतो आणि ॲप जास्त. सायकलीवरचा, बाहेरच्या हवेच्या दाबावरून उंची काढणारा मापक दोघांपेक्षा बरा, पण दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की तोही आठ-नऊ मीटर चुकतो. मी आता वेळेचाच हिशेब धरतो: डांबरावर ताशी २०, कच्च्यावर १२, वर दर १०० मीटर चढाला ८ मिनिटं, आणि धरणाच्या कडेला एकूण वेळेत पाचवा हिस्सा वाढवायचा.

तिसरा बेत, मे अखेर. उन्हाळ्यात कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. कारण भाटघर. वेळवंडीवरचं हे धरण विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकातलं, आणि मेमध्ये त्याचं पाणी इतकं मागे जातं की कांबरे गावाजवळ पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. वर्षातला बहुतेक काळ ते पाण्याखाली असतं. नकाशावर जिथे निळं आहे तिथून सायकल न्यायची, ही कल्पना डोक्यातून जात नाही. सुकलेला गाळ भेगाळून कडक होतो, त्यावर ४५ चा टायर पळावा. कडेला ओल असेल तर मात्र चाक रुतेल, त्यामुळे आधी पायी चाचपून बघणार.

अडचण पाण्याची. मेमध्ये हापशांचा भरवसा नाही, म्हणून तीन लिटर बरोबर. दुपारी बारा ते चार एखाद्या देवळाच्या ओसरीवर झोप. चारनंतर वळीव आला तर गाळाचा बेत रद्द, सरळ डांबराने भोर; एकदा भिजला की तो गाळ चेन, ब्रेक, फोर्क सगळीकडे भरतो आणि सायकल उचलूनच आणावी लागते.

भोरचा एक मित्र पाण्यावर लक्ष ठेवून आहे. देवळाच्या पायऱ्या दिसल्या की फोटो पाठवतो म्हणालाय. परवा पाठवला, अजून नुसता कळसच आहे. मागचा टायरही अजून घ्यायचाच आहे.