पिशवी काढायच्या आधी: माझ्या अ‍ॅडेनोमायोसिसबद्दल

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "बल्की युटरस", म्हणजे गर्भाशयाची पिशवी मोठी झालीय, असं छापून आलं की आपल्या सांगलीकडं दोनच सल्ले मिळतात. एक सासूबाईंच्या पिढीचा, चाळिशीला थोडं जास्त जातंच, पन्नाशीला आपोआप थांबतंय, सोसायचं. दुसरा शेजारच्या काकूंचा, "काढून टाक की गं पिशवी, दोन पोरं झाली, आता ठेवून काय लोणचं घालणारेस?" मला दोन्ही मिळाले आणि या दोन्हीच्या मधेही बरंच काही असतं हे सांगणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून लिहितेय.

माझं असं होतं की पाळी आठवडाभर चालायची, पहिले तीन दिवस तर रात्री दोन पॅड आणि खाली जुनी चादर, गाठी पडायच्या, ओटीपोटातली कळ कंबरेतनं मांडीपर्यंत उतरायची. हरभट रोडला खरेदीला जायचं तर आधी डोक्यात हिशोब, बाथरूम कुठं मिळेल. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलेलं आणि जिना चढताना धाप लागली की घरचे म्हणायचे वजन कमी कर! बायकांचं हिमोग्लोबिन बारा तरी पाहिजे, पण आपल्याकडं नऊ आलं तरी "बरंय की" म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्यात, मग थकवा कुणाला वेगळा वाटणार.

तर हे अ‍ॅडेनोमायोसिस म्हणजे काय. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं, ते दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. या आजारात तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूच्या भिंतीत घुसतं आणि तिथं बसूनही दर महिन्याला हार्मोन्सच्या तालावर वाढत राहतं. त्यानं भिंत जाड होते, पिशवी मोठी होते, कळा येतात, रक्त जास्त जातं. हा कॅन्सर नाही, हे आधी सांगते कारण रिपोर्ट हातात आला त्या रात्री मला झोप नव्हती. आणि फायब्रॉइडची गाठही नाही. गाठीला कड असते, ती वेगळी काढता येते, हे बहुतेक वेळा पिठात मुरलेल्या मोहनासारखं पसरलेलं असतं, परत वेगळं काढणं अवघड. काही जणींना तर काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि दिसलं, असंही होतं.

आजार जुना आहे, व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीनं १८६० मध्ये त्याचं वर्णन केलेलं. पण कित्येक दशकं पक्कं निदान पिशवी काढून लॅबमध्ये बघितल्यावरच व्हायचं, म्हणजे ज्यांची काढली त्यांचंच कळायचं, आणि काढायचे बहुतेक चाळिशीतल्या बाळंतपणं झालेल्या बायकांची. त्यामुळं हा त्याच वयाचा आजार असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आता आतून करायच्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतं आणि विशी-तिशीतल्या पोरींमध्येही सापडतं. मूल राहण्यातही त्यानं अडचण येऊ शकते. तेव्हा पोरगी दर महिन्याला कॉलेज बुडवून गडाबडा लोळत असेल तर "लग्न झालं की बरं होतंय" हे बंद करा प्लीज.

उपचारांचं म्हणाल तर रक्त कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, कळेला मेफेनॅमिक अ‍ॅसिड, ही पाळीपुरती. मग हार्मोनच्या गोळ्या, त्यात डायनोजेस्ट रोज घ्यायची असते. आणि मिरेना, म्हणजे पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन. मिरेना दिसायला कॉपर टीसारखी, त्यामुळं बायका ऐकूनच नको म्हणतात, पण काम उलटं आहे, कॉपर टीनं ब्लीडिंग वाढू शकतं आणि मिरेना आतल्या आत थोडं थोडं हार्मोन सोडून ते कमी करते. सुरुवातीचे काही महिने सारखं स्पॉटिंग होतं, मी वैतागलेले, काढून टाका म्हणायच्या बेतात होते. नंतर मात्र पाळी नावापुरतीच राहिली. पिशवी फारच मोठी असेल तर मिरेना निसटूही शकते म्हणून सगळ्यांना देत नाहीत. लोहाच्या गोळ्या मला सोसल्या नाहीत, सलाईनमधनं लोह घेतलं. गोळ्या घेत असाल तर त्याच्यावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही.

ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाहीये. खात्रीचा इलाज तोच आहे आणि माझ्या तासगावच्या वहिनींनी सगळं करून थकल्यावर पिशवी काढून घेतली, आता मजेत द्राक्षबागेत फिरतात. माझा राग आहे तो पहिल्याच भेटीत "काढू या" म्हणण्यावर. दर हंगामात बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडं येतात, पाळीत एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात, कोपीत ना पाणी ना संडास. तिथल्या बायकांनी तरुण वयातच पिशव्या काढल्याचं बाहेर आलं आणि २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गरज नसताना होणाऱ्या अशा ऑपरेशनांवर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही राज्यांना केंद्राच्या गाइडलाइन्स लागू करायला सांगितलं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि ऑपरेशनच ठरलं तर एक नक्की विचारा, ओव्हरी, म्हणजे बीजकोश, ठेवणार का काढणार. अ‍ॅडेनोमायोसिस पिशवीच्या भिंतीत असतं, त्यासाठी चांगल्या ओव्हरी काढायची सहसा गरज नसते. दोन्ही काढल्या तर वय काही का असेना त्या दिवसापासून मेनोपॉज सुरू, मग अंगातनं गरम वाफा, हाडं ठिसूळ व्हायची भीती, हृदयाचा धोका. सहीच्या कागदावर ते इंग्रजीत एका ओळीत असतं, सही करायच्या आधी तेवढी ओळ कुणाकडनं तरी वाचून घ्या.