गुडघा फोन : आमची वाटचाल

आम्ही मुळात टॉवेल कारखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहिणारे. हाडांच्या एका डॉक्टरांनी विचारलं, गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतर पेशंटला गुडघा कसा वाटतो ते कळेल असं काही करता का? डॉक्टरांनी स्वतः विचारलं की पेशंटचं उत्तर ठरलेलं, "बरं हाय की!" एक्स-रेही चांगला. पण जिना उतरताना काय होतं ते एक्स-रेत दिसत नाही.

त्यासाठी ऑक्सफर्डची 12 प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 48. जास्त गुण म्हणजे गुडघा चांगला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 2009 पासून सांधा बदललेल्यांना असं विचारतात. प्रश्न मनाने बदलले तर गुण ताडून बघता येत नाहीत. म्हणून "मांडी घालून बसता येतं का?" हा आपल्याकडचा खरा प्रश्न आम्ही शेवटी वेगळा ठेवला. विडी वळणाऱ्या बाईचं पोटच त्यावर.

मोबाइलवरचा पहिला फॉर्म सपशेल पडला. आईच्या गुडघ्याची उत्तरं मुलगा चहा पिता पिता भरायचा, सगळीकडे "त्रास नाही". मग रेकॉर्ड केलेल्या आवाजात प्रश्न विचारणारा फोन केला, मराठी, तेलुगू, कन्नड. उत्तर बटण दाबून. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूशिवाय चालतच नाही. सकाळी 11 ला लावला तर बाया विड्या द्यायला कारखान्यात, रात्रपाळीवाले झोपलेले. अनोळखी नंबर म्हणजे कर्जवसुली, असं समजून कट करणारे तर पुष्कळ! आता डिस्चार्जच्या वेळीच नंबर "गुडघा फोन" नावाने सेव्ह करून देतात आणि फोन संध्याकाळी जातो.

एका शनिवारी एका आजोबांनी पोटरी सुजल्याचं कळवलं. इशारा रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर गेला. तो उघडला सोमवारी. पोटरीत रक्ताची गुठळी होती. ती फुफ्फुसात गेली असती तर? आजोबा बरे झाले, पण तो सोमवार मी विसरलेलो नाही. न्यूयॉर्कमधल्या 766 कॅन्सर रुग्णांच्या अभ्यासाचे आकडे मी तोवर प्रत्येक डॉक्टरला ऐकवत होतो: 2017 च्या निकालात नेहमीच्या उपचारांवरच्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) 26 महिने, टॅबलेट कॉम्प्युटरवरून लक्षणं कळवणाऱ्यांचं 31.2. तिथे इशारा थेट नर्सला जायचा, हे मात्र मी वाचूनही सोडून दिलं होतं.

आता इशारा कोण बघणार, त्या सिस्टरचं नाव करारात आल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. या अटीपायी दोन गिऱ्हाइकं गेली. तिघांच्या आमच्या दुकानात टॉवेलची बिलं अजून चालू आहेत, म्हणून पगार निघतात.