पश्चिमेची भिंत

वेल्समध्ये इमारतींचा सर्व्हेअर म्हणून काम करताना ओल आलेल्या भिंती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ज्या भिंतीपुढे मी उभा होतो, तिच्यावरून दावा लागला होता आणि दोन्ही पक्षांना मिळून एकच तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली होती. अशा नेमणुकीत फी कोणीही भरो, तज्ज्ञ बांधील असतो तो न्यायालयाला. म्हणून घरमालकीण बाईंनी चहा विचारला तेव्हा कंत्राटदार येईपर्यंत मी तो घेतला नाही.

घर १९३० च्या दशकातले, समुद्राकडे पश्चिमेची भिंत करून उभे असलेले. त्या काळात इकडे विटांच्या दोन भिंती समांतर उभारून मध्ये सुमारे ५० मिलिमीटरची पोकळी सोडण्याची पद्धत रूढ होत होती. बाहेरची वीट पावसाने पार भिजली, तरी पाणी पोकळीच्या बाजूने ओघळून खाली उतरावे आणि आतली भिंत कोरडी राहावी, यासाठी ती मोकळी जागा असते. पुढे घरातली ऊब टिकवण्यासाठी याच पोकळ्यांत खनिज लोकर किंवा थर्मोकोलचे मणी यंत्राच्या दाबाने भरले जाऊ लागले. निवृत्त परिचारिका असलेल्या या बाईंनी स्वतःच्या बचतीतून असे काम करून घेतले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात झोपण्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, गिलाव्यातून तपकिरी डाग वर आले.

कंत्राटदाराने लेखी उत्तरात म्हटले होते की बाई घरातच कपडे वाळत घालतात आणि खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे हवेतली वाफ भिंतीवर जमून ओल येते. हे उत्तर या व्यवसायात इतक्या सर्रास दिले जाते की ऐकताच चीड येते. तरीही ते खोटे आहे असे धरून तपासणी सुरू करणे हा तितकाच मोठा दोष ठरला असता, कारण पुष्कळ घरांत ते खरे असते. वाफेची ओल बहुधा काळ्या बुरशीच्या रूपाने कोपऱ्यांत, कपाटांमागे, जिथे हवा खेळत नाही तिथे दिसते. बाहेरून झिरपणारे पाणी मात्र पावसानंतर ठरावीक जागी डाग उमटवते. म्हणून दोन आठवडे आधी मी खोल्यांत आर्द्रता नोंदवणारी यंत्रे ठेवून आलो होतो. झोपण्याच्या खोलीतल्या नोंदीत वाफेला दोष द्यावा असे काही नव्हते.

बाईंनी मग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचे गेल्या वर्षीचे कॅलेंडर काढून मेजावर ठेवले. नोकरीत रुग्णांच्या तापाचे तक्ते भरण्याची सवय असलेला हात होता तो: पावसाच्या दिवशी निळे वर्तुळ, त्यात वाऱ्याच्या दिशेचा छोटा बाण आणि डाग ओला लागला त्या दिवशी फुली. पूर्वेच्या बाणापुढे फुली जवळपास नव्हतीच. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाणांनंतर मात्र एक-दोन दिवसांत ती हटकून होती.

माझे बालपण कोकणात गेले. तिथे पावसाची झड ज्या अंगाने येते, त्या अंगाला मृगाच्या आधी माडाची झापे बांधतात आणि ती कुठे बांधायची हे कोणाला विचारावे लागत नाही. इकडे हेच ज्ञान नकाशात आहे: वाऱ्यासह मारा करणाऱ्या पावसाच्या तीव्रतेनुसार ब्रिटनचे चार विभाग पाडलेले आहेत आणि वेल्सचा पश्चिम किनारा बराचसा सर्वांत कडक विभागात येतो. अशा ठिकाणी पोकळी भरण्यापूर्वी भिंतीची पाहणी करणे हाच खरे तर कामाचा मोठा भाग.

परांचीवर चढून मी आधी विटांमधल्या दरजा पाहिल्या. साध्या किल्लीने खरवडताच चुन्याचा मसाला वाळूसारखा गळू लागला आणि किल्ली बोटाच्या पेराएवढी आत गेली. मग दोघांच्या समक्ष एक वीट सोडवून काढली. मागची लोकर करडी, गच्च बसलेली होती. मी चिमूटभर ओढून दाबली तर मनगटापर्यंत पाणी ओघळले. दोन भिंतींना जोडणाऱ्या लोखंडी पट्टीवर बांधकामाच्या वेळी पडलेला मसाल्याचा गोळा तसाच बसला होता आणि त्यावरून ओल थेट आतल्या विटेवर गेली होती. आतल्या डागाशी मोजून पाहिले, तर जागा तंतोतंत तीच. कंत्राटदार वर आला, त्याने स्वतः त्या भोकात बोट घातले, काही न बोलता ते विजारीला पुसले आणि खाली उतरून गाडीतून पाहणीचा अर्ज आणून माझ्या हाती दिला. त्यावर पावसाच्या माऱ्यापुढे ‘मध्यम’ अशी खूण होती आणि दरजांपुढे ‘चांगल्या’. पाहणी दुसऱ्याच कोणाकडून करून घेतली होती. तो अर्ज त्याने लपवला नाही, हे मी अहवालात नोंदवले.

त्याच्या माणसांनी केलेले काम नेटके होते, हेही मला लिहावे लागले. भोके योग्य अंतरावर, नीट बुजवलेली. शेजारच्या घराच्या पोकळीत लोकर जाऊ नये म्हणून अडसरही घातलेला. भरायलाच नको होती अशी भिंत त्यांनी उत्तम भरली होती. ग्राहक हक्कांच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते. त्या काळजीत ही पाहणी येते की नाही हे ठरवणे न्यायाधीशांचे काम होते, पण कोणत्या दिवशी काय पाहायला हवे होते आणि ते पाहिले गेले नाही, एवढे मी निःसंदिग्धपणे लिहिले.

न्हाणीघरातली बुरशी मात्र वाफेचीच होती. हवा बाहेर टाकणारा पंखा धुळीने तुंबला होता आणि ती भिंत पूर्वेची होती. बाईंनी तीही दाव्यात धरली होती. मी ते तोंडावर सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीही मलाच दोष देता.” आर्द्रतेच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवण्यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि निघताना त्यांनी निरोपाचा हात दिला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

सुनावणीपूर्वीच तडजोड झाली. कंत्राटदाराने स्वखर्चाने लोकर काढून दरजा नव्याने भरायच्या, पोकळी रिकामी झाल्याची खात्री मी करायची आणि न्हाणीघर बाईंनी पाहायचे, असे ठरले. मेमध्ये मी पुन्हा गेलो. खालच्या थरातल्या विटा काढून लोकर बाहेर ओढली जात होती. पूर्वेच्या भिंतीच्या गोण्या एकटा मुलगा हाताने गाडीत टाकत होता. पश्चिमेच्या गोण्यांना दोघे जण लागत होते आणि त्यांच्या खाली फरशी काळी होत होती. बाई दारात उभ्या राहून ते पाहत होत्या. आतला गिलावा कधी करू, असे त्यांनी विचारले. भिंत सुकायला काही महिने लागतील, तोवर कॅलेंडर चालू ठेवा, असे मी सांगितले.