आमची वाटचाल : उडीद, पापडखार आणि एक न वाचता येणारी वही

आमच्या पापडांच्या गोदामात कोपऱ्यातल्या टेबलावर आजोबांची एक वही आहे. घरात ती कुणालाच वाचता येत नाही. आजोबा फाळणीपूर्वी सिंधमधल्या शिकारपूरला एका पेढीवर मुनीम होते आणि हिशोब हटवाणिकेत लिहायचे. ही सिंधी व्यापाऱ्यांची लिपी. काना-मात्रांची भानगड फारशी नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यालाच काय ते कळायचं!

कराचीहून बोटीने मुंबई आणि तिथून कल्याणजवळची लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बॅरेकी रिकाम्या पडल्या होत्या, त्यांत आम्हा निर्वासितांची सोय झाली. गोणपाटाचा पडदा ओढला की एक घर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. त्या दिवशी आजोबा समारंभाला होते की लोकलमध्ये माल विकत होते, यावर घरात अजून वाद आहे. मला विचाराल तर लोकलमध्ये.

मागे राहिलेल्या मालमत्तेचे क्लेम लोकांनी भरले. १९५४ साली भरपाईचा कायदाही आला. पण पगारी मुनीम क्लेम कशाचा करणार? तिकडेही खोली भाड्याचीच होती. आमचं भांडवल म्हणजे डाडीचं (आजीला आम्ही डाडी म्हणतो) लाटणं आणि कल्याणच्या एका दुकानदाराने उधारीवर दिलेली उडदाची डाळ. त्यांना सिंधी येत नव्हतं, आजोबांना मराठी. बोटांवर भाव ठरायचा.

पहिल्या घाण्याची गोष्ट डाडी रंगवून सांगायची. इथलं पाणी वेगळं, हवा दमट. पापडखार अंदाजाने पडला आणि जास्त झाला. तळल्यावर पापड लालभडक. आजोबांनी तेही विकले, स्वस्तात, "खास लाल पापड" म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक डब्यात शोधत आलं, तेव्हा मात्र ते पुढच्या स्टेशनवर उतरून गेले.

मग शेजारच्या बायका लाटायला लागल्या. सकाळी पीठ तिंबून, कुटून लाट्या मोजून द्यायच्या, संध्याकाळी वाळलेले पापड वजन करून घ्यायचे. आजही पद्धत तीच. आता लाटणाऱ्यांत सिंधी कमी, मराठी आणि उत्तर भारतीय घरातल्या जास्त. मजुरी उशिरा दिली तर दुसऱ्या दिवशी लाट्या परत येतात, हे वडिलांनी मला शाळेत असतानाच शिकवलं.

२६ जुलै २००५ ला गोदामात कमरेइतकं पाणी होतं. पापड तर गेलेच, वहीही भिजली. ती वाळवताना वडिलांनी शेजारच्या एका म्हाताऱ्या शेठना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एक पान लावलं. व्यापाऱ्यांची नावं असतील असं आम्हाला वाटलं होतं. होती ती बॅरेकीतल्या बायकांची, आणि प्रत्येकीपुढे शेर. शेवटचं नाव डाडीचं. तिचीही मजुरी मांडलेली होती.

डाडी तेव्हा होती. ऐकून म्हणाली, "मांडली खरी. दिली कधी?"

तीन वर्षांपूर्वी मी कर्ज काढून लाटायचं मशीन आणलं. पापड एकसारखे गोल निघतात, पण जुनी गिऱ्हाइकं हातचेच मागतात. सध्या त्या मशीनवर चादर टाकून आम्ही पापड वाळवतो.