गेमने हात आखडता घ्यावा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये माझा मावसभाऊ आणि मी एकाच गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, आहोत. तो मिथिक रेडर, म्हणजे मोठ्या टीमने मिळून बॉस (बलाढ्य शत्रू) पाडायच्या मोहिमा, 'रेड', सगळ्यांत अवघड पायरीवर खेळणारा. गिल्ड युरोपियन सर्व्हरवर, त्यामुळे तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे साडेबारा. रेड उरकेपर्यंत पहाट व्हायला येते. मी नाशिकला बँकेत नोकरी करते. जेवणंखाणं, भांडी आटोपली की तासभर खेळते, तेही रोज जमत नाही. त्याच्या लेखी मी कॅज्युअल, म्हणजे हौशी, आणि हा शब्द तो जरा दयेनेच उच्चारतो.

आमचं भांडण ठरलेलं. "ताई, तुम्हा लोकांसाठी गेम पार सोपा करून टाकलाय."

मला हे पटत नाही. २०१४ पासून रेडच्या सोप्यापासून अवघडापर्यंत चार पायऱ्या आहेत: रेड फाइंडर, नॉर्मल, हिरोइक, मिथिक. ज्याला जी झेपेल ती त्याने चढावी. त्याआधीची गोष्ट वेगळी होती. २००६ साली आलेलं नॅक्सरामस हे रेड ४० जणांचं होतं आणि ते आतून पाहिलेले खेळाडू अगदीच थोडे. शेवटी २००८ मध्ये गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डने तेच रेड १० आणि २५ जणांसाठी पुन्हा आणलं. २०११ मध्ये रेड फाइंडर आलं. ते मला फारसं आवडत नाही, हे इथे सांगून टाकते. पंचवीस अनोळखी माणसं, कोणी कोणाशी बोलत नाही, बॉस पडला की सगळे गायब. कथा तेवढी बघून होते.

पण खरा झगडा वेळेचा आहे, आणि तिथे भावाचा हिशोब चुकतो असं मला वाटतं. अमर्याद मेहनतीची सोय ठेवली की आधी तोच भरडला जातो. २०१२ च्या मिस्ट्स ऑफ पँडारिया या एक्सपान्शनमध्ये (गेमच्या नव्या भागात) रोजच्या क्वेस्टवरची (छोट्या कामगिऱ्यांवरची) २५ ची मर्यादा काढून टाकली होती. हवं तेवढं खेळा! झालं काय, तर रेडर मंडळी रोज सगळ्याच्या सगळ्या क्वेस्ट करत बसली आणि वर कंटाळा आला म्हणून ओरडली. २०१६ च्या लीजन या एक्सपान्शनमध्ये आर्टिफॅक्ट पॉवर (शस्त्राची ताकद वाढवणारे गुण) आली, तिला तर जवळजवळ अंतच नव्हता. तेव्हा भाऊ इंजिनिअरिंगला होता. मॉ ऑफ सोल्स हे डन्जन (रेडपेक्षा छोटी मोहीम) आटोपशीर, म्हणून तेच पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. सक्ती कोणाचीच नव्हती. पण वीस जणांच्या टीममध्ये एकोणीस जण करताहेत म्हटल्यावर विसाव्याची काय बिशाद. पंगतीत वाढपी थांबत नाही आणि पाहुण्याला नको म्हणता येत नाही, तसली गत.

माझं त्या काळात फार अडलं नाही. उशिरा येणाऱ्याची पॉवर भराभर वाढावी म्हणून आर्टिफॅक्ट नॉलेज होतं. मी मागे होते, पण दिसण्याइतक्या अंतरावर.

मर्यादा घालायची तरी ती कशी घालायची, हे ब्लिझर्ड गेम यायच्या आधीच शिकलं होतं. बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, फार वेळ खेळलं की अनुभवाचे गुण कमी मिळायचे. खेळाडू भडकले. मग तेच गणित उलटं मांडलं: कमी झालेले गुण 'नेहमीचे' ठरले आणि गेममधल्या धर्मशाळेत विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट मिळू लागले. आकडे जवळजवळ तेच, तक्रार बंद. आमच्या बँकेच्या मार्केटिंगवाल्यांनी यावर महिनाभर चिंतन करावं.

सध्याची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे २०२० मध्ये आलेली ग्रेट व्हॉल्ट, म्हणजे आठवड्याच्या बक्षिसांची तिजोरी. आठवडाभर जे खेळाल त्यावर जास्तीत जास्त नऊ वस्तू समोर येतात आणि त्यांतली एकच घेता येते. भाऊ नऊच्या नऊ खाने भरतो, माझे दोन-तीन भरतात. बुधवारी, नवा आठवडा लागला की, दोघंही एकेकच वस्तू उचलतो. त्याची माझ्यापेक्षा भारी असते, निवडही मोठी असते, आणि ते रास्तच आहे.

२०२४ मध्ये डेल्व्ह (एकट्यानेही खेळता येतील अशा छोट्या मोहिमा) आले तेव्हा मात्र तो खवळला. एकटीने, सोबतीला गेममधलं पात्र ब्रॅन ब्राँझबीअर्ड घेऊन (हा बुटका क्षणभर गप्प बसत नाही), आठव्या टियरचं (पातळीचं) डेल्व्ह केलं की व्हॉल्टमध्ये हिरोइक रेडच्या तोडीची वस्तू! पण तीन पर्याय हवे असतील तर आठवड्यात आठ डेल्व्ह लागतात, आणि घ्यायची पुन्हा एकच. माझ्या तासातासाच्या खेळात तो आठवडा गच्च भरतो.

एका बाबतीत मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे. ताकद मला उशिरा का होईना मिळावी, पण मान मिळू नये. पुढचं रेड यायच्या आत मिथिकचा शेवटचा बॉस पाडला तर 'कटिंग एज' हा बहुमान मिळतो, नंतर कधीच नाही. ते तसंच राहावं.

आता राहिली पळवाट. व्हॉल्टची मर्यादा एका कॅरेक्टरपुरती असते. भावाची चार कॅरेक्टर आहेत, चारही रेडला तयार. वर्ल्ड फर्स्टच्या, म्हणजे मिथिक जगात सगळ्यांत आधी संपवण्याच्या, शर्यतीतले गिल्ड तर जादा कॅरेक्टरांच्या फौजा घेऊन स्प्लिट रन करतात (टीम वाटून तेच रेड अनेकदा खेळतात) आणि सगळं गिअर, म्हणजे शस्त्रं-चिलखतं, मुख्य खेळाडूंकडे वळवतात. मग मर्यादा अख्ख्या अकाउंटला घाला, असं मी परवा गिल्ड चॅटवर लिहिलं. भावाने मेसेज वाचला आणि मावशीला फोन लावला.