'आहे माझ्याकडे, सोडा'

2019 च्या 12 ऑगस्टला आमच्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या जिल्हा संघटनेचा कार्यक्रम माझ्या महाविद्यालयात ठरला होता. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती, आमचा ग्रंथपाल दिन. फोटोला हार, एक व्याख्यान आणि मग बैठक: रिकामी पदं, अडकलेल्या पदोन्नती, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात ग्रंथालयाची माहिती कशी भरायची. विषयपत्रिकेच्या शेवटी 'जिल्ह्याची संयुक्त ग्रंथसूची' होती. कुठल्या महाविद्यालयात कोणतं पुस्तक आहे, याची एकच यादी. बरीच वर्षं हा विषय पुढच्या बैठकीवर जात होता आणि मलाही त्याची घाई वाटत नव्हती.

12 तारखेला सांगली पाण्यात होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती. संदर्भ विभाग मी त्या खुणेच्या हातभर वर लावून घेतला होता. 5 ऑगस्टच्या संध्याकाळी मी आणि आमचे परिचर मामा, आम्ही दोघांनी खालच्या फळ्यांवरची पुस्तकं वरच्या फळ्यांवर चढवली, कुलूप लावलं आणि मी निर्धास्त घरी गेले. 2005 पेक्षा जास्त पाणी येईल हे माझ्या मनातच आलं नाही.

14 तारखेला कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आतून चिखलाचा थर आणि पडलेली टेबलं. खिडकीतून टॉर्च मारला. रॅक उभे होते, पण पुस्तकं फुगून इतकी गच्च बसली होती की लोखंडी पट्ट्या बाहेर वाकल्या होत्या. त्या वासाचं वर्णन मला अजून जमत नाही.

रात्री संघटनेच्या सचिवांचा फोन आला. ते मिरजेच्या बाजूचे. "मॅडम, उद्या सुट्टी आहे. झेंडावंदन करून आम्ही येतो. काहीही उन्हात टाकू नका आणि ओली पुस्तकं उघडू नका."

15 ऑगस्टला साडेनऊपर्यंत 19 ग्रंथपाल आले. कुणी विट्याहून, कुणी तासगावहून, काही मॅडम राखीचा कार्यक्रम संध्याकाळवर ढकलून. गमबूट, हातमोजे, मास्क, पाण्याचे कॅन सगळं त्यांनीच आणलं. एका सरांनी ओळखीच्या छापखान्यातून कोऱ्या न्यूजप्रिंटची रिमं आणली होती, कारण ओल्या पानांत छापील वर्तमानपत्र घातलं की त्याची शाई पानावर चढते.

ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. आमचा आठवडाभर पाण्यात होता. म्हणजे सगळं वाचणार नव्हतं, आणि काय सोडायचं हे ठरवणं हेच त्या दिवसाचं मुख्य काम होतं. मला ते एकटीला जमलं नसतं. मी प्रत्येक पुस्तक उचलून बाजूला ठेवत होते.

मग सचिव दारात उभे राहिले. बाकीचे त्यांच्यामागे ओळीने. मामा आणि दोन विद्यार्थी पुस्तक काढायचे, मी नाव वाचायचे. मागून आवाज यायचा, "आहे माझ्याकडे, सोडा." पुढचं नाव. "दोन प्रती आहेत, सोडा." "हे बाजारात मिळतं, सोडा." कुणीच काही बोललं नाही की ते पुस्तक उजव्या हाताच्या टेबलावर जायचं. जी सूची आम्ही इतकी वर्षं पुढे ढकलत होतो, ती त्या दारात 19 जणांच्या डोक्यातून तोंडी चालली होती. कुठे अडलंच तर कुणीतरी आपल्या ग्रंथालयात फोन लावून कपाट बघायला सांगायचं.

रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेलं पहिलं सूत्र म्हणजे ग्रंथ उपयोगासाठी असतात. ते मी परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं. त्याचा इतका कठोर अर्थ मला त्या दिवशी कळला. गुळगुळीत कागदाची महागडी रंगीत पुस्तकं विटेसारखी झाली होती. त्या कागदाचा थर ओला होऊन वाळला की पानं कायमची चिकटतात. ती सोडली. क्रमिक पुस्तकं सोडली. उजव्या टेबलावर उरले ते महाविद्यालयाच्या वार्षिकाचे जुने बांधीव अंक, आमच्याच विद्यार्थ्यांचे एम.फिल.चे टंकलिखित प्रबंध, एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेला संग्रह. आणि दाखल नोंदवह्या, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वह्या. सॉफ्टवेअरचा बॅकअप माझ्याकडे होता, पण त्यात जुन्या नोंदी चढवायच्या राहिल्या होत्या. जुन्या वह्यांशिवाय काय गेलं हेसुद्धा सांगता आलं नसतं, मग निर्लेखन, म्हणजे गेलेली पुस्तकं नोंदीतून रीतसर कमी करणं, आणि लेखापरीक्षण दूरच. शाईच्या नोंदी पसरत होत्या. दोन मॅडमनी त्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. दुपारचं जेवणही त्यांनी तिथेच उभ्याने केलं.

आता वाळवायचं कुठे? सांगलीभर ओल होती आणि वीज नव्हती. तेव्हा कवठेमहांकाळच्या बाजूचे एक सर म्हणाले, "मॅडम, आमचं बेदाण्याचं शेड मोकळं आहे." आमच्या जिल्ह्याची तीच तऱ्हा, इथे होड्या चालत होत्या आणि पूर्वेला जतकडे पिण्याचं पाणी टँकरने जात होतं. शेडमध्ये वर पत्रा, बाजूला हिरवी जाळी, आत एकावर एक जाळ्यांचे मजले. द्राक्षं सावलीत, वाऱ्यावर सुकवण्यासाठी बांधलेलं. ओल्या पुस्तकाला हवं असतं नेमकं तेच: ऊन नको, वारा हवा. 1966 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा तिथली पुस्तकं तंबाखू सुकवण्याच्या कोठारांत वाळवली होती, हे सरांनी कुठेतरी वाचलं होतं. मी ग्रंथालयशास्त्र शिकले, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुस्तकं मिटलेलीच स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून चिखल काढला, थोड्या थोड्या पानांनंतर न्यूजप्रिंट घातला आणि क्रेटमधून टेंपोने पाठवली. पुढचे तीन आठवडे ते सर कॉलेज सुटलं की शेडवर जाऊन ओले कागद बदलत होते. त्यांच्या आईही त्यांच्याबरोबर बसायच्या.

रिकाम्या पदांसाठी सरकारला निवेदनं द्यायलाच हवीत. पूर्णवेळ ग्रंथपाल नसेल तर पुस्तकामागे उभं राहणारं कुणी नसतं, आणि संघटनेशिवाय हे सरकारला कोण सांगणार? पण त्या दिवसानंतर मी बैठकीत सूचीचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावला. तो लावून धरला. आधी फक्त दुर्मिळ आणि स्थानिक ग्रंथ, साध्या एक्सेल तक्त्यात. सोबत प्रत्येक ग्रंथालयासाठी एक पान: पाणी आलं तर आधी काय उचलायचं, किल्ली कुणाकडे, कुठल्या सहकाऱ्याला फोन करायचा.

जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा चढू लागली. आयर्विनवर 40 फूट झालं तेव्हा मामांनी मला फोन केला नाही. कपाटाच्या दारावर चिकटवलेलं ते पान काढलं आणि दाखल नोंदवह्यांपासून सुरुवात केली. मी पोहोचले तेव्हा वह्या, वार्षिकं आणि प्रबंध दुसऱ्या मजल्यावर होते, आणि खाली तासगावच्या मॅडम टेंपो घेऊन उभ्या होत्या.