ओला टॉवेल आणि चार बाय सहाची बाथरूम

डोंबिवलीच्या पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही, कमी ओला होतो एवढंच. त्यात आमची बाथरूम चार बाय सहाची, दार आत उघडणारं आणि पीव्हीसीचं, म्हणजे त्यात स्क्रू धड धरत नाही. चिकटवायचे हुक आणले, ते आंघोळीच्या वाफेने सुटून रात्री-बेरात्री धाडकन खाली. तसाही हुक हा प्रकार मला पटत नाही. टर्किश टॉवेल हुकाला टांगला की सगळा एका जागी गोळा होतो, आत ओला तो ओलाच, आणि सकाळी तोंड पुसायला घेतला की कुबट वास.

एकाच दांडीवर टाकला तरी दोन्ही पदर एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून ठरवलं, लाकडाचा रॅक स्वतःच करायचा: एका टॉवेलला दोन दांड्या, मध्ये चार इंच अंतर. टॉवेल दोन्हींवरून सोडायचा, म्हणजे पदर एकमेकांपासून लांब राहतात आणि मधून वारा जातो. टॉवेल तीस इंच रुंद, म्हणून दांडी बत्तीस इंच. घडी घालायची गरजच नको. पुढे तिसरी दांडी ह्यांच्या पंचासाठी. (पंचा काय, खिळ्यावर टाकला तरी वाळतो. पण मग रुसवे.)

लाकूड घेतलं जुनं सागवान. इकडे जुन्या इमारती पाडायचा सपाटा चालू आहे, त्यांच्या चौकटी विकायला असतात. घेताना खिळे नीट बघून घ्यावेत, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी मशीनवर पट्ट्या चिरून दिल्या. "मॅडम, बारा सूत रुंद ठेवू का?" आठ सुतांचा इंच, म्हणजे दीड इंच. रंधा मात्र मीच मारला. वरचा काळा, रंग लागलेला थर निघाला की खालून मधासारखा पिवळा रंग येतो, आणि तो तेलकट, चामड्यासारखा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहतो. दांड्यांच्या कडा गोल केल्या, मग पॉलिश पेपर ऐंशी नंबर, एकशेवीस, शेवटी दोनशेवीस. सागवानाचा भुसा नाकाला झोंबतो, तोंडाला फडकं बांधलेलं बरं.

बाजूच्या फळ्यांना भोकं पाडून दांड्या बसवल्या. सागवानात तेल असतं, त्यामुळे फेव्हिकॉल लावण्याआधी जोडाची जागा थिनरने पुसून घ्यावी लागते. लोखंडी स्क्रू वापरायचे नाहीत. ओल लागली की गंज तर येतोच, शिवाय लाकडावर काळे डाग उमटतात. मी स्टेनलेसचे घेतले. जवसाचं तेल लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, पण नुसत्या तेलावर कोंदट जागेत बुरशी धरते. म्हणून पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, हात दिले, आणि लाकडाच्या टोकांना जास्तीचे, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शोषलं जातं.

भिंतीचं काम सगळ्यात जपून. नळाच्या आणि गीझरच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल लावायचं नाही, आत पाइप असतो. टाइल बोटाने वाजवून बघायची, पोकळ आवाज आला तर जागा बदलायची. भोक टाइलच्या कडेजवळ नको, तडा जातो. मास्किंग टेप चिकटवून त्यावर खूण केली, काचेला भोक पाडायचा, भाल्याच्या टोकाचा बिट लावला, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचं हॅमर (ठोके देणं) बंद. पुढे विटेत भिंतीसाठीचा साधा बिट आणि स्क्रू धरायला प्लास्टिकचा गट्टू.

रॅक लावलाय हवेच्या झडपेखाली, सहा फुटांवर, म्हणजे कोपर आपटत नाही. सासूबाईंचा हात तिथे पोचत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी खाली एक छोटी दांडी हवी आहे. उरलेल्या पट्टीत ती होईल. फक्त ती नळापासून लांब कुठे बसवायची यावर सध्या घरात दोन मतं आहेत.